मागच्या पायरीवरचा भात

४ मे

जाऊबाई,

त्या सकाळी दूध तुम्ही काढलंत. गोठाही तुम्हीच झाडलात. मी विहिरीवरून चार घागरी आणल्या, चूल पेटवली आणि आदल्या दिवशीची मोठी पातेली घासायला घेतली. तुम्ही दुधाची चरवी घेऊन मागून गेलात आणि म्हणालात, "अगं, पातेलं घासतेस की वाचतेस?" राखेशेजारी पुडीचा एक कागद पडला होता आणि माझे डोळे त्यावर होते. मग तुम्ही चरवी खाली ठेवलीत, पदर खोचलात आणि उरलेली तीन पातेली स्वतः घासून टाकलीत. तोवर मी कागद वाचून संपवला. खताची जाहिरात होती.

ही सकाळ मला अलीकडे रोज आठवते. एकेचाळीस वर्षं झाली. तीत विशेष काही नव्हतं, निदान दहा वाजेपर्यंत.

माझं अक्षर तुम्ही ओळखणार नाही. मी धाकटी. चूल वेगळी झाल्यापासून आपण एकमेकींशी बोललो ते दुसऱ्यांच्या तोंडून. हे गेले तेव्हा तुम्ही आलात, दारात उभ्या राहिलात, त्यांच्या पायांना हात लावलात आणि पाणी न घेता गेलात. मी थांबा म्हणाले नाही. तुम्ही थांबला नसतातच. दोन वर्षं होतील आता.

मी सव्वा वर्षापासून इकडे परदेशात मुलाकडे आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सून दातांच्या कवळ्या बनवते. आले त्या आठवड्यात चहाचा डबा समजून एक डबा उघडला, तर आत दातांची पूर्ण रांग. सून हसून लोळायची राहिली. म्हणाली, "आई, चावत नाहीत ते. अजून पैसे भरायचेत गिऱ्हाईकानं." नात नऊ वर्षांची आहे.

घर रांगेतलं शेवटचं. मागे काचेचं सरकतं दार, तीन पायऱ्या, मग थोडं गवत, लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे आगगाडीचा एक बंद पडलेला फाटा आहे. रूळ दिसत नाहीत, झुडपं माजली आहेत. तिथून जनावरं येतात. शहर असून येतात. हे तुम्हाला लिहावंसं वाटलं, कारण घरात जनावरांचं तुम्हालाच कळायचं.

मी बरी आहे. जेवते, झोपते. उत्तराची घाई नाही.

धाकटी


१३ मे

जाऊबाई,

तुमचं पत्र नाही. इतक्यात येणारही नाही. तरी लिहिते.

संध्याकाळी जेवणं झाली की आमच्याकडे दिवे मालवतात. चौघं काचेच्या दाराशी जमिनीवर बसतो. मला उशी देतात. नातीच्या मांडीवर वही असते. तीत ती वार, वेळ, प्राणी आणि प्राण्यानं काय केलं ते लिहिते. आधी येतो तो काटेरी. साळिंदराचं पिल्लू म्हणावं एवढा, ओंजळीत मावेल असा. बशीतलं पाणी पितो आणि सर्दी झालेल्या माणसासारखा फुसफुस करतो. सून त्याला 'मोठे काका' म्हणते. मोठे काका आले, मोठे काका आले, असं चौघंही कुजबुजतो. एकदा तीन हरणं कुंपणावरून आत आली आणि नातीनं लावलेली सगळी रोपं खाऊन गेली. ती रडली नाही. वहीत लिहिलं, 'हरणांनी वाटाणे खाल्ले. मी पाहुणचार केला.' एक घुबड आहे. ते चिमणीवर बसतं आणि मान पाठीकडे वळवून आमच्याकडे बघतं.

मुलगा वडिलांना अग्नी द्यायला वेळेवर पोचला नव्हता. विमान चुकलं होतं. तेव्हापासून तो कामापुरतं बोलायचा. हो, नाही, ठेव, घे. मी आले तरी तसंच. मग या हिवाळ्यात तांबू आली.

तांबू म्हणजे कोल्हा. आपल्याकडचा नव्हे, हा तांबडा, शेपूट झुपक्याची. पुस्तकात याला खोकड म्हटलंय, पण घरात कुणी म्हणत नाही. मादी आहे. पहिल्यांदा ती दिवसाउजेडी गवतात येऊन बसली, तेव्हा मुलगा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून खाली धावत आला. "आई, आज कोल्ह्याचं तोंड पाहिलं! आज साहेब रजा देणार." सून म्हणाली, "शेपूटही बघून घ्या, पगारही वाढेल." तो मोठ्यानं हसला. मी या घरात त्याचं हसणं त्या दिवशी प्रथम ऐकलं. रजा काही मिळाली नाही.

एप्रिलच्या शेवटाला तिनं पिल्लं बाहेर आणली. चार. ती एकमेकांच्या शेपट्या ओढतात, नातीचा एक मोजा पळवून नेलाय. रविवारी मुलगा कुठे जात नाही. दारात पालथा पडून त्यांच्याकडे बघतो आणि बोलत असतो. लहानपणचं बोलतो, वडिलांचंही बोलतो. तांबू हातभर अंतरावर येऊन बसते.

सून एकदा म्हणाली, "पण ही इतकी धीट कशी हो झाली?"

शेजारी एक म्हातारे घड्याळजी राहतात, एकटे. यांचं मनगटी घड्याळ त्यांनी मुलाला दुरुस्त करून दिलं, काही घेतलं नाही. ते कुंपणाला टांगलेल्या डब्यात पाखरांसाठी दाणे टाकतात. मी म्हटलं, "ते दाणे टाकतात ना, त्यानं असेल."

सहज म्हटलं.

धाकटी


२४ मे

जाऊबाई,

सोमवारी तांबूनं एका पोराला चावलं. रस्त्याच्या टोकाला बाकावर एक बाई बसली होती, शेजारी ढकलगाडीत दोन वर्षांचं मूल, त्याच्या हातात पाव. तांबू चालत आली, पाव ओढला, त्यात मुलाच्या बोटांना दात लागले. फार नाही. दोन टाके पडले, सुया टोचल्या. मूल बरं आहे.

मंगळवारी नगरपालिकेची बाई आली. तिचं काम जनावरांचं. नातीनं तिला पिंजरेवाली नाव दिलं. चिखलाचे बूट तिनं कुणी न सांगता दाराशी काढले, ते मला आवडलं. ती बोलत होती, मुलगा मला सांगत होता. मला इकडची भाषा निम्मीशिम्मी कळते. नातीच्या जुन्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकले आहे, पण ते मी कुणाला दाखवत नाही.

ती म्हणाली, हे जनावर माणसाला भीत नाही, म्हणजे कुणीतरी त्याला रोज खाऊ घालतंय. तो माणूस पुढे आला तर एक उपाय आहे. नाही आला तर पिंजरा लावायचा आणि मग सुई देऊन मारायचं. पिल्लांना अजून शिकार येत नाही, तीही जाणार. सात जूनपर्यंत वाट बघू.

नात म्हणाली, "मग तो माणूस शोधा ना!"

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू पहाटे उठतेस. तुला काही दिसलं का गं?"

"मला काय दिसणार?" मी म्हटलं.

"आईंचा चष्मा पुस्तकाबाहेर येतो कधी?" सून म्हणाली, आणि पिंजरेवालीला चहा दिला.

मग मुलानं दाण्यांच्या डब्याचं सांगितलं. पिंजरेवालीनं ते लिहून घेतलं.

संध्याकाळी मुलगा घड्याळजींकडे गेला. मी न्हाणीघराच्या खिडकीतून ऐकलं. "तुमच्या दाण्यांपायी एका पोराला टाके पडले," असं तो म्हणाला. इतक्या जोरात बोलायची त्याला सवय नाही, आवाज फाटला. म्हातारे म्हणाले, "मी पाखरांना घालतो." एवढंच. मुलगा पुन्हा काही म्हणाला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

जाऊबाई, भात मी घालते.

मी चौघांचा स्वयंपाक करते आणि पाचांचा होतो. मूठ घेताना हात थांबत नाही. दुपारी उरतो, रात्री उरतो. सकाळी भांडं उघडलं की एका माणसाचा भात तळाशी असतो. यांना लागायचा तेवढाच. इथे अन्न कचऱ्याच्या पिशवीत टाकतात. मी पहिल्या आठवड्यात टाकून बघितला, मग पिशवीतून परत काढला. सून एकदा म्हणाली होती, "आई, अंदाज चुकतो का हो अजून?" मी हो म्हटलं. यांचा वाटा अजून शिजतो, हे कळलं तर मुलगा मला डॉक्टरकडे नेईल. इथे त्यालाही डॉक्टर असतात. आणि तो पुन्हा गप्प होईल, त्याची मला जास्त भीती आहे.

म्हणून पहाटे पावणेसहाला, सगळे झोपेत असताना, मी तो मागच्या पायरीवर ठेवते. ठेवत होते. पिंजरेवाली आली त्या दिवसापासून तो फडक्यात बांधून माझ्या खोलीत ठेवते आणि बाजाराला जाताना पालिकेच्या कचरापेटीत टाकते. तांबू अजून येते. पायरीशी बसते. मी पडद्याआड असते.

धाकटी


२ जून

जाऊबाई,

घड्याळजींनी दाण्यांचा डबा काढला. कुंपणाला नुसता खिळा आहे. पाखरं येऊन खिळ्यावर बसतात. त्यांच्या फाटकावर कुणीतरी खडूनं काहीतरी लिहिलं होतं. मी शब्द वाचला, कोशात बघितला, तुम्हाला लिहीत नाही. त्यांनी बादली आणून तो पुसला. नात त्यांना रोज हात हलवायची, आता मान फिरवते. मी तिला काही म्हटलं नाही. त्यांच्या कुंपणाला लागून पिंजरा ठेवलाय, लोखंडी, एक बाजू उघडी. सात तारखेला त्याला खटका लावतील. नात वही घेऊन बसते, पण लिहीत नाही. काल तिनं विचारलं, "आजी, सुई दुखते का गं त्यांना?" मी म्हटलं, "माहीत नाही." मुलगा जेवताना पुन्हा हो आणि नाहीवर आला आहे.

आता ती सकाळ.

आदल्या दिवशी नणंदेचा साखरपुडा झाला होता. दोन-दोन घास खाऊन पाहुणे गेले होते आणि भाताचं मोठं पातेलं निम्मं उरलं होतं. सासूबाई मला म्हणाल्या, "धाकटे, वास यायच्या आत लांब नेऊन टाक." लग्नाला चार महिने झाले होते. माझ्या माहेरी भात सणाला व्हायचा. मला तो टाकवेना. तुम्ही दूध काढून, गोठा झाडून आत आलात. पातेली घासलीत, आंघोळीला गेलात. तेवढ्यात मी ते पातेलं उचललं आणि गोठ्यात चांदी म्हशीपुढे ओतलं. तिनं सगळा खाल्ला. पातेलंही चाटलं. मला बरं वाटलं. मग मी पातेलं पाण्यात भिजत घातलं आणि घासलं. सासूबाईंना वाटलं, मी भात लांब टाकून आले.

दहाला तिचं पोट फुगायला लागलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गुरांचे डॉक्टर आले तोवर ती आडवी झाली होती. ते म्हणाले, धान्य नाहीतर भात पोटात गेलाय, फार गेलाय, गोठा कोण बघतं? त्या आठवड्यात गोठा तुमच्याकडे होता.

तुम्ही म्हणालात, "मी नाही घातला." सासूबाई म्हणाल्या, "मग काय म्हशीनं स्वतः वाढून घेतला?" सगळे हसले. म्हैस तिथे मेलेली होती आणि लोक हसले. तुम्ही पुन्हा म्हणालात, "मी नाही घातला." मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी घासलेली पातेली फडताळावर लावत होते. मी लावत राहिले.

गोठा तुमच्याकडून काढून घेतला. हिच्या हाताला बरकत नाही, हे तुमच्या नावाला चिकटलं ते सासूबाई जाईपर्यंत. नवी म्हैस आणली तेव्हा तिला हळदकुंकू लावायला मला बोलावलं. तुम्ही विहिरीवर गेलात. दोन वर्षांनी वाटण्या झाल्या. लोक म्हणाले, थोरलीचं पटत नाही. तुम्हाला किती कळलं होतं, मला माहीत नाही. त्या दिवशीनंतर तुम्ही माझं एकही भांडं घासलं नाहीत, म्हणजे कळलं असणार.

यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

मी क्षमा मागायला लिहीत नाही. मागायची रीत मला माहीत आहे, पुस्तकांत पुष्कळ वाचली आहे. तुम्ही ते खोटं वर्षानुवर्षं वागवलंत आणि खरं काय ते घरात एकटी मी जाणत होते. आता ते लिहिलेलं तुमच्या हातात असावं. कुणाला दाखवायचं असेल तर दाखवा. मोठे दीर घरी असतील तर आधी त्यांना वाचून दाखवा.

आणखी एक. मागच्या पत्रात लिहिलं की भात पायरीवर ठेवत होते. मार्चपासून मी तो हातातून घालत होते. ती जीभ लावून घेते, दात लागू देत नाही. म्हणून तिला वाटलं असणार, माणसाच्या हातात असतं ते आपल्यासाठीच. त्या पोराच्या हातातला पावही.

इथलं उद्या सांगणार आहे. आधी तुम्हाला लिहिलं. इथलं आधी सांगितलं असतं तर हलकं वाटलं असतं, आणि तुमचं पुन्हा राहिलं असतं.

धाकटी


८ जून

जाऊबाई,

सांगितलं. तीन तारखेला, सकाळी, चहाच्या वेळी. नात शाळेचा डबा भरत होती. मी म्हटलं, "तांबूला भात मी घालत होते. हिवाळ्यापासून."

मग सून म्हणाली, "कुठला भात?"

"उरलेला."

"रोज?"

"रोज एका माणसाचा उरतो."

मुलाच्या हातात कप होता. तो त्यानं ठेवला नाही. "बाबांचा?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. तो उठून काचेच्या दाराशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. सून त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला मोजायचं माप आणून दिलं, प्लॅस्टिकचं." नात म्हणाली, "म्हणजे घड्याळवाले आजोबा खरं बोलत होते?"

"हो."

"मी त्यांच्याकडे बघितलं नाही, आजी. बारा दिवस."

मुलगा कामावर गेला नाही. आम्ही दोघं आधी शेजारी गेलो. घड्याळजी दारात आले, एका डोळ्याला भिंग तसंच होतं. मुलगा बोलायला लागला, पण मी त्याला थांबवलं आणि इकडच्या भाषेत मीच बोलले. चुका झाल्या. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "मीठ घालून शिजवता?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. मुलानं दाण्यांसाठी सुतळी आणि नवा डबा नेला होता, तो तसाच परत आणला.

मग पालिकेत. पिंजरेवालीचं टेबल एका लांब खोलीच्या टोकाला आहे, त्यावर कुणा पाखराचं मोडकं पीस पेल्यात उभं ठेवलेलं. तिनं दंडाचा कागद भरला. मग माझा उजवा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला. तांबूची लाळ हाताला लागायची म्हणून मलाही सुया घ्याव्या लागल्या, दोन झाल्या, दोन राहिल्यात. मी विचारलं, उपाय कोणता?

ती म्हणाली, जो खाऊ घालतो त्याचीच दहशत बसली पाहिजे. दुसऱ्या कुणी हाकललं तर ती त्या माणसाला टाळेल आणि बाकीच्यांच्या हातांकडे जाईल. तुमच्याच हातून झालं पाहिजे, त्याच जागी, त्याच वेळी. आवाज करा, पाणी मारा, जवळ आली तर आणखी मारा. पिल्लांसमोर झालं तर जास्त चांगलं. पिल्लं आईकडून शिकतात. दहा दिवस पिंजऱ्याचा खटका लावत नाही. त्यात ती घराकडे यायची थांबली तर पिंजरा उचलून नेऊ.

बसमध्ये मुलगा म्हणाला, "मी करतो गं. तू आत बस. तिला काय कळतंय कोण ते?"

"तिला कळतं," मी म्हटलं.

तो दोन थांबे गेल्यावर म्हणाला, "बाबांना पण भातच लागायचा. पोळी असली तरी शेवटी भात." मी हो म्हटलं. पुढे घर येईपर्यंत तो त्यांच्याबद्दल बोलत होता. मी ऐकत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

नातीला त्या रात्री सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मी बघू?" सून नको म्हणाली. मी म्हटलं, बघू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी मागच्या पायरीवर गेले. डाव्या हातात स्टीलचं ताट आणि पळी, उजव्या हातात पाण्याची नळी. काचेमागे तिघं उभी होती. तांबू कुंपणाखालून आली. चार पिल्लं मागे होती. ती नेहमीच्या जागी बसली, माझ्या हाताकडे बघितलं आणि मान पुढे केली. मी ताट खाली ठेवलं आणि पळीनं वाजवलं. ती दचकून उठली, पण गेली नाही, पुन्हा बसली. मी नळीचं पाणी सोडलं आणि सरळ तिच्या तोंडावर मारलं. ती वळली आणि कुंपणाखालून पळाली, पिल्लं तिच्या मागे.

धाकटी